वाळूवर राहिलेला वाटा

रत्नागिरी,
सोमवार, २० जानेवारी १९८६

ती. काशीआत्यास महिपतचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (दुखऱ्या पायावर जरा हलकेच.) गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली देव्हाऱ्याजवळ नुसती ठेवली आहेस? गाय व्याली का? पत्र वाचून दाखवणाऱ्या रावजी पोस्टमनांनाही नमस्कार. रावजीभाऊ, जिथं कंस दिसेल तिथं आवाज उतरवा. आमचे अण्णा ओटीवरच बसलेले असतील.

तू विचारलं होतंस, शहरात गेल्यावर खातोस काय. आत्या, सुरुवातीचे दोन महिने पिठलं-भात खाल्ला, आणि कंटाळा आला की भात-पिठलं. येसूबाई म्हणून घरमालकीण आहेत, त्यांच्या मागच्या पडवीत आम्ही तिघं राहतो. मी, देवरुखचा सदू आणि हेदवीचा आत्माराम. तिघंही आयटीआयला. एक वातीचा स्टो, दोन पातेली आणि एक चमचा, तोही आत्मारामाचा, त्यामुळे त्याचा रुबाब फार. पैसे वीस तारखेला संपत. मग संध्याकाळी बाजारात फिरायला जायचं, हॉटेलांच्या पाट्या वाचायच्या आणि घरी येऊन त्यावर चर्चा करत पिठलं गिळायचं. आत्माराम तर ‘आज मटार उसळ जरा तिखट झालीय’ म्हणत पिठलं खायचा. हसून हसून ठसका लागायचा. अन्न कमी होतं, पण जेवण मोठं व्हायचं, खोटं कशाला सांगू!

दसऱ्याच्या आधी एका रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, तिथं रापण चाललेली. म्हणजे लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात गोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढतात. दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा, मग तो कुणी का असेना. सदूला हे कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही धरला दोर! आत्या, नांगर परवडला. दोन तास ओढलं, हाताची सालं निघाली, आत्माराम तर दोरासकट पाण्यात बसला. (हेदवीचा असून समुद्राला घाबरतो. हे कुणाला सांगू नका.) शेवटी जाळं वर आलं, वाळूत वाटे पडले, जो तो आपापला उचलून चालू लागला आणि आम्ही तिघं बाजूला हात बांधून उभे. का? तर ‘घ्या हो, संकोच करू नका’ असं कुणीतरी म्हणेल म्हणून! तूच शिकवलंस, दोनदा आग्रह झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. तिथं कोण आग्रह करतो? आमचे वाटे दुसऱ्या कुणी उचलले असणार. माणसं पांगली. एकच वाटा उरला, त्यावर नारळाची करवंटी पालथी घातलेली. आम्हाला वाटलं, बघा, किती रीतीची माणसं, आपल्यासाठी झाकून ठेवलंय. उचलला, घरी आणला आणि बांगडे डाळीत शिजवून खाल्ले.

तो वाटा धोंडूबाईचा होता. नवरा समुद्रातच गेला, मूलबाळ नाही, दोर ओढायची ताकद राहिली नव्हती, म्हणून वाडीनं दर रापणीला तिचा एक वाटा करवंटीखाली ठेवायचा असं ठरलेलं. त्या दिवशी ती उशिरा आली आणि हात हलवत परत गेली. मिठाशी पेज खाल्लीन. हे आम्हाला पुढच्या रविवारी तिच्या शेजारणीनं, हिरानं, चार लोकांत सुनावलं. जमीन दुभंगावी असं झालं. तिघंही मान खाली घालून म्हातारीच्या दारात गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलंन आणि म्हणाली, ‘खाल्लात ता खाल्लात, पण बांगड्यात डाळ कोण घालतो रे मेल्यांनो?’ चोरीपेक्षा डाळीचाच राग जास्त.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही ओढायचं, आमचे तिन्ही वाटे आणि तिचा चौथा तिच्या चुलीपाशी न्यायचा आणि तिनं शिजवायचं. (रावजीभाऊ, हे अगदी हळू. मी कुणाच्या चुलीवरचं खातो याचा अण्णांना पत्ता नाही.) माशांचं झणझणीत तिखलं, भात, वर कोकमाची कढी. आम्ही उठल्याशिवाय ती जेवत नसे. शिव्या द्यायची आणि वाढायची, वाढायची आणि शिव्या द्यायची. आत्या, तुझ्या हातची चव वेगळी, रागावू नकोस, पण या गावात आम्ही पोटभर जेवलो ते तिच्याकडंच.

आता खरं सांगतो. कालच्या आधीच्या रविवारी, बारा तारखेला, आम्ही गेलो नाही. आत्मारामाला घरून मनीऑर्डर आली होती. इतके महिने नुसत्या पाट्या वाचल्या, आज आत जाऊन बसू म्हणाला. मसाला डोसा खाल्ला, वर चहा. डोसा फार छान होता, आत्या. तेच आता सहन होत नाही. संक्रांतीला येसूबाईंनी तिळाच्या वड्या दिल्या, त्यातल्या तीन धोंडूबाईसाठी राखल्या आणि काल पुडी घेऊन हसत-खिदळत गेलो. दाराला कडी. हिरानं सांगितलं, बुधवारी गेली. ताप दोन दिवसांचा. त्या रविवारी भात रांधून दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसली होती, पोरं का आली नाहीत म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती.

सगळं भावकीनं केलं. आम्हाला कळवायचं कुणाच्या डोक्यात कसं यावं? आम्ही कोण? परत आलो तर येसूबाईंनी विचारलं, तोंडं अशी का, तुमचं कोण गेलं? कुणाला नातं सांगता येईना.

बाकी सर्व क्षेम. अभ्यास ठीक. गुडघ्याला जप.

तुझा,
महिपत

ता. क. कुळथाचं पीठ संपलं आहे. कुणी येणार असेल तर पाठव. घाई नाही.

ता. क. दुसरा : पीठ राहू दे, मी पत्र लिहायला बसलो ते पिठासाठी नाही. सदूनं कालपासून स्टो पेटवू दिलेला नाही. आत्माराम दाढी करणार नाही म्हणतो (मुळात चारच केस आहेत). गावातल्या भटजींना विचारलं, ते म्हणाले, रक्ताचं नाही, जातीचं नाही, तुम्हाला कसलं सुतक, जा, जेवा. तुला यातलं भटजींपेक्षा जास्त कळतं. दसऱ्यापासून दर रविवारी जिच्या हातचं खाल्लं, तिचं सुतक आम्हाला लागतं की नाही? आणि बुधवारपासून रविवारपर्यंत आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही हसत होतो, ते दिवस कसे धरायचे?

ता. क. तिसरा : तुझं उत्तर येईपर्यंत तेरावा उलटून गेलेला असेल, हे मला कळतं. तरी लिही. पण लागत असेल, तरच लिही.