वाख म्हणजे जागी

३ फेब्रुवारी, सोमवार
आदिती पडली. तिकडं, जर्मनीत. कामाला जाताना सायकल बर्फावरून घसरली, डोकं कडेच्या दगडावर आपटलं. जावयाचा, योनासचा, फोन ह्यांना दुकानात आला. हे दुकान उघडं टाकून घरी आले. पायात चप्पल नाही! भर दुपारी मंगळवार पेठेतून अनवाणी! 
डोक्याचं ऑपरेशन झालंय. शुद्ध नाही.
पुढं लिहवत नाही.

४ फेब्रुवारी
योनास इंग्रजीत सांगतो, हे इंग्रजीत ऐकतात. भांड्यांच्या दुकानापुरतं इंग्रजी! 'यस यस, ओके ओके.' फोन ठेवल्यावर मी विचारते, काय म्हणाला?
'स्टेबल हाय म्हणतोय.'
'म्हणजे?'
'म्हणजे हाय तशी हाय.'
हाय तशी म्हणजे कशी? विचारायचं धाडस झालं नाही.
माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नाही. सात वर्षं पोरगी कानीकपाळी ओरडत होती — आई, काढून ठेव. मी म्हणायची, तू येतीसच की वर्षाला. आज अर्ज भरला. मग व्हिसा. महिना-दीड महिना सहज जाणार म्हणे.

६ फेब्रुवारी
आज व्हिडिओवर दाखवली. डोक्याला पट्टी, नाकात नळी. केस सगळे काढलेत. एवढे लांब केस!
मागं नर्स कुणाशी तरी भराभर बोलत होती. दोनदा 'आदिती' म्हणाली. माझ्या मुलीविषयी माझ्यासमोर बोलणं चाललंय आणि मला अक्षर कळत नाही.
शिकायचं. अठ्ठावन्न वय, दहावी पास — तरी शिकायचं.

७ फेब्रुवारी
मोबाईलला तोंडानंच विचारलं — जर्मन भाषा फुकट कुठं शिकवतात? ढीगभर आलं! एक खेळासारखं ॲप घेतलं. पहिल्याच धड्यात 'उंदीर दूध पितो'. उंदराचं काय करू? मला 'श्वास घेते का' पाहिजे! पाच चुका झाल्या की ॲप बंद. थांबा म्हणतं, नाहीतर पैसे भरा. माझ्या पाच चुका दहा मिनिटांत होतात.
मग मराठीतून शिकवणारी एक बाई सापडली, नागपूरची. तिचे बावन्न व्हिडिओ आहेत. मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात घुसते, पण बाई गुणाची. 'चुकलं तरी मोठ्यानं म्हणा' म्हणते. म्हटलं मोठ्यानं. तर शेजारच्या बयाबाई दारात — 'वैनी, कुणाला शिव्या घालाय लागलाय?'
हसू आलं. आणि हसले म्हणून लगेच भीती वाटली. तिकडं त्याच वेळी काही झालं असेल तर?

१० फेब्रुवारी
सकाळी बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला गेले. णमोकार म्हणताना मध्येच जर्मन आकडे जिभेवर आले. घाबरून परत पहिल्यापासून म्हटला.
आदितीला अजून शुद्ध नाहीच.

१३ फेब्रुवारी
तिकडच्या रेडिओच्या बातम्या मिळतात, शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश वाचलेल्या. भाकरी थापताना लावते. शंभरात चार शब्द कळतात. पण कान बसायला लागलाय.
नागपूरच्या बाई सांगत होत्या, जर्मनमध्ये 'नाही' पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे आपल्यासारखंच. शेवटपर्यंत जीव मुठीत धरून ऐकायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार
बाईंच्या व्हिडिओखाली एका गटाचा पत्ता होता. रविवारी दुपारी तिकडची माणसं व्हिडिओ कॉलवर मोफत बोलायचा सराव घेतात. भीत भीतच शिरले. इंग्रिड नावाची म्हातारी समोर आली, सत्तरीची तरी असेल. सगळ्यांना विचारत होती — जर्मन कशासाठी शिकता? कुणी म्हणालं नोकरी, कुणी कॉलेज. माझी पाळी आली. 'मायने टोख्टर. क्रांक.' माझी मुलगी. आजारी. पुढचं येईना. हातानं डोकं दाखवलं आणि रडूच आलं. परक्या माणसांत!
तास संपल्यावर तिनं मला एकटीला थांबवून घेतलं. पाच वाक्यं स्वतःच्या आवाजात पाठवली. ती जागी आहे का? तिला दुखतंय का? डॉक्टर काय म्हणाले? तिला ऐकू येतं का? मला खरं सांगा.
शेवटचं मी मागितलं नव्हतं. तिनंच घातलं.

२० फेब्रुवारी
हे जेवत नाहीत. दिवस मावळायच्या आत ताट वाढते, दोन घास खाऊन उठतात. योनासचा फोन आला की गच्चीवर जातात. 'खाली रेंज नसती.' इतकी वर्षं होती ती! काहीतरी लपवताहेत.
विचारत नाही. विचारलं आणि सांगितलं तर?

२४ फेब्रुवारी, सोमवार
फोन आला तेव्हा हे आंघोळीला गेलेले. मीच उचलला. योनास गडबडला, फोन फिरवला, पण मागं नर्सचा आवाज आलाच. दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती — 'झी इस्ट वाख, आबर झी श्प्रिश्ट निश्ट.'
वाख म्हणजे जागी. श्प्रिश्ट म्हणजे बोलते. मग निश्ट. शेवटी.
जागी आहे, पण बोलत नाही.
हे बाहेर आल्यावर म्हटलं, 'आदिती जागी झाली. कधी?'
ह्यांच्या हातातला पंचा तसाच राहिला. 'तुला कुणी सांगितलं?'
'कधी?'
'आठ दिस झालं.' खाली बसले. 'डोळं उघडलेत. पण बोलत न्हाय, रत्ना. कुणाला वळखतीय का तेबी कळंना. तुला कसं सांगायचं? मलाच सोसंना.'
आठ दिवस हा माणूस गच्चीवर एकटा रडत होता. आणि मी खाली आकडे घोकत होते.

२५ फेब्रुवारी
शुद्धीवर आली म्हणून आनंद व्हायला हवा. होत नाही.

१ मार्च, शनिवार
योनासशी जर्मनमध्ये बोलले. पहिल्यांदाच! इंग्रिडचं पाचवं वाक्य टाकलं — मला खरं सांगा. मग तो लहान मुलाशी बोलावं तसं सोपं सोपं बोलला. डॉक्टर म्हणतात, शब्द येतील. कधी, किती, कुणालाच माहीत नाही.
आता रोज दीड वाजता तो फोन तिच्यासमोर धरतो. मी बोलते, मराठीत. पासपोर्ट आला सांगितलं. बयाबाईंची गंमत सांगितली. ती बघते आणि नजर माझ्यावरून पुढं जाते, भिंतीवरून जावी तशी. माझी पोरगी! मला तिच्या डोळ्यांची भीती वाटते. कुणाला सांगू हे?

५ मार्च, बुधवार
आदिती बोलली.
फोन लागला तेव्हा योनासचे डोळे लाल, आणि हसत होता. ती माझ्याकडं नीट बघत होती. ओठ हलले. दोन वाक्यं. दोन्ही जर्मन.
हे खांद्यावरून वाकले. 'काय म्हणाली? अगं, काय म्हणाली?'
'तहान लागलीय म्हणती.'
ह्यांनी हात जोडले आणि पोरासारखे रडले.
ते पहिलं वाक्य. दुसरं तिनं माझ्याकडं बोट करून योनासला विचारलं होतं — ही बाई कोण?
ह्यांना नाही सांगितलं. सांगणार नाही.
फोन जवळ घेतला. सावकाश, तिला कळेल असं, तिच्या जर्मनमध्ये म्हटलं — माझं नाव रत्ना. मी कोल्हापूरची. उद्या परत फोन करू का?
ह्या वेळी नजर पुढं गेली नाही.
मग म्हणाली, हो.