सुटली म्हण

लीले,

उद्या सकाळच्या एसटीनं मी वाशिमले चालली. वकीलबाईसंग कोर्टात जाऊन तुह्याबद्दल जबाब द्यायचा हाय. तुले इचारल्याशिवाय माहा पाय उचलत नाही, म्हणून हे पत्र. तुले मराठी वाचता येत नव्हती, माईत हाय मले. म्हणूनच तू भाकर खायची त्या बोरीखाली बसून मोठ्यानं वाचून राह्यली. लोक म्हणत असतीन, यमुनी येडी झाली! म्हणू दे.

लीला हे नाव म्याच ठेवलं. आठवते का व? वीटभट्टीवर आपल्या झोपड्या लागून होत्या. भट्टी बंद झाली, मुकादम पळाला, अन् सारे आपापल्या गावाले निघाले. तू गठुडं घेऊन तिथंच बसली. म्या म्हटलं, "जाय ना व तू बी." तू म्हणाली, "दीदी, माझा गाव सरहद्दीच्या पलीकडे. माझ्याकडे कागद नाही." तिकडं म्हातारी आई, पोरगी टुनी, अन् नदीनं गिळलेलं घर. मंग म्या तुले मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर आणलं. कोणी इचारलं का सांगायची, माही मावसबहीण हाय, लीला. आता माही मावशी बिनलेकराची मेली, हे साऱ्या तांड्याले माईत! तरी कोणी चकार शब्द काढला नाही.

त्याच साली पोहरादेवीच्या यात्रेत तू माहा हात धरला अन् आपल्या डोक्शावर ठेवला. "दीदी, माझी शप्पथ. माझं खरं नाव, माझा देश, कोणाला सांगायचं नाही. मेले तरी नाही."

मी हासली. "मेल्यावर कोण पुसते व?"

"हासू नको. घे शप्पथ!"

म्या घेतली. अन् आता पाह्य, सारेच पुसून राह्यले.

किती भेली व तू! अंग तापानं फणफणलं तरी सरकारी दवाखान्यात पाय टाकला नाही. वावराच्या मालकानं तुह्या हातावर साऱ्या बायांपेक्षा कमी मजुरी टेकवली, तरी "चलता है दीदी." मी भांडाले उठली त माहाच पदर ओढून मले बसवलं. राग येते मले अजून. निंदणाच्या वावरात मात्र तू कोणाच्या बापाले भेत नव्हती. आपल्या वाट्याची ओळ, आपली पात, संपवायची, मांगं वळायची, माही अर्धी पात काढून द्यायची, अन् वरून मलेच सुनवायची, "दीदी, तू बोलते जादा, निंदते कमी." साऱ्या बाया हासायच्या.

मंग सोयाबीनचा हंगाम आला. थ्रेशरच्या पट्ट्यावरची जाळी मालकानं काढून ठेवली होती. म्या त्याले म्हटलं, जाळी लावा. तो म्हणाला, "एवढा ढीग झाला का लावतो." तुही ओढणी पट्ट्यात गेली. पुढचं मी लिहीत नाही.

माह्या भावानं तुले आग देल्ली. राख थंडी व्हायच्या आत मालक तांड्यावर आला. "लाकडं म्या आणून देल्ली ना? झालं मंग. तिची बोली ऐकली नाही का म्या? जिचा देशच नाही, तिचा दावा कसला?" मले वाटलं, खरंच असंल बाप्पा, कायदा असाच असंल.

नसते, लीले! मी वाशिमले वकीलबाईकडं गेली. तिनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "यमुनाबाई, जगण्याचा हक्क घटनेनं प्रत्येक माणसाला दिलाय. फक्त नागरिकाला नाही." म्या म्हटलं, पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगतलं. अव, हे तू जिती असताना आपल्याले काहून कोणी सांगतलं नाही? दवाखाना तुहा बी होता. पुरी मजुरी तुही बी होती. सरकारनं तुले परत पाठवलं असतं, हे बी बाईनं लपवलं नाही. पण म्हणून तुहा जीव फुकटचा होत नव्हता.

तुह्या आईले अन् टुनीले भरपाई मांगता येते. पण लीलाची नाही. लीलाले ना आई, ना पोरगी, लीला त म्याच बनवली. तू खरी कोण, कुठली, कोणाची, हे कोणी तरी कोर्टात सांगाले पाह्यजे. बाई म्हणाली, "तुम्हालाही विचारतील, तिला घरात का ठेवलं. त्रास होईल." म्या म्हटलं, होऊ द्या.

आमच्या तांड्याचे नायक म्हणाले, "यमुने, मेलेल्याची शप्पथ सुटत नसते. सोडवणारीच नाही राह्यली." लहानपणी आमी खेळात शप्पथ घालायचो. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटलं, का मोकळं. तुह्याकडं बी असंच असते का? कधी इचारलंच नाही तुले.

तुही खबर तिकडं पोचली, अन् परवा तुह्या आईचा फोन आला. तिची बोली मले समजत नाही, माही तिले समजत नाही. टुनी मधात हिंदी बोलत होती. म्हातारीनं पैशाचं काहीच पुसलं नाही. टुनीच म्हणाली, "नानी पूछती है, माँ को कौन से नाम से जलाया?"

काय सांगू मी त्या लेकराले?

म्हणून सांगतो, सुटली म्हण. तू हट्टी हायेस, नाहीच म्हणणार. त मंग ऐक. उद्या मले तिथं बी शप्पथ घ्यायची हाय, खरं सांगीन म्हणून. दोन शपथा एका तोंडात राहत नाहीत. तुही मोडल्याचं जे पाप लागंल, ते माह्या पदरात. बोलावतीन तितक्या बार वाशिमले जाईन, पुसतीन ते सांगीन. तुही पात राह्यली हाय ना, ते आता म्या धरली. वावराच्या टोकाले, धुऱ्याले लागल्याशिवाय कंबर सरळ करणार नाही.

कोर्टात तुहं खरं नाव पुसतीन तवा जीभ अडू नये, म्हणून आजच एकदा इथं म्हणून पाहतो.

शेफाली.

घे, मोडली.

तुही कोणीच नसलेली मावसबहीण,
यमुना दीदी