तुला न विचारता टाकलेलं लिनक्स

साक्री, रविवार

प्रिय सारिका,

हे पत्र तुझ्या फोनवर पाठवतोय. मावशीला वाचायला सांगू नकोस. फोनच वाचून दाखवेल, तो कानाला लाव आणि एकटीच ऐक. दोंडाईचाला जाऊन तुला दीड महिना झाला. मी फोन केला की तू "मी बरी शे" म्हणतेस आणि मावशीच्या हातात फोन देतेस. म्हणून लिहायला बसलो.

इथं दुकान बरं चाललंय. जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाल्यापासून रोज कुणीतरी कॉम्प्युटर काखेत मारून येतं. नवीन विंडोज जुन्या मशीनवर चढत नाही आणि नवीन मशीन परवडत नाही. मग मी विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकून देतो. पिंपळनेरच्या शाळेचे दहा कॉम्प्युटर मी असेच उठवले, तुला आठवत असेल. तिथले कुवरसिंग सर अजून कौतुक करतात. आता कबूल करतो, ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं होतं.

दिवाळीत तू चार दिवस मावशीकडे गेलीस आणि लॅपटॉप घरी राहिला. मला वाटलं, बहिणीला चकित करू. तुझ्या फाइली काढून ठेवल्या, बाकी सगळं पुसलं आणि लिनक्स टाकलं. लॅपटॉप भराभर चालायला लागला. तू आलीस, बसलीस, कळा दाबल्यास आणि थबकलीस. "भाऊ, हाऊ कोन बोली ऱ्हायना?" मी हसलो. म्हणालो, यातही पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, आवाज वेगळा आहे एवढंच, होईल सवय.

एवढंच नव्हतं, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी तुझी नजर गेली. त्यानंतर दोन वर्षं तू उंबऱ्याबाहेर पडत नव्हतीस. मग धुळ्याला शिकायला गेलीस आणि त्या विंडोजवरच्या वाचणाऱ्या आवाजाशी तुझी गट्टी जमली. तू तो इतका वेगात लावायचीस की आम्हाला नुसती किरकिर ऐकू यायची. गावांची, माणसांची नावं, आपल्या अहिराणीतले शब्द तो चुकीचे म्हणायचा. तू एकेक शब्द त्याच्या यादीत घालून दुरुस्त करत गेलीस, तीन वर्षं. ती यादी तुझ्या फाइलींत नव्हती, प्रोग्रामच्या पोटात होती. मी ती पुसली.

आणि जळगावच्या संस्थेतल्या नोकरीची परीक्षा नऊ दिवसांवर होती. स्वतःचा लॅपटॉप आणायची परवानगी तू अर्ज करून मिळवली होतीस. तिसऱ्या दिवशी तू दुकानात आलीस, टेबल चाचपडत माझ्यापर्यंत पोचलीस आणि म्हणालीस, "मनं जुनंच टाकी दे ना, भाऊ." समोर दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, अगं, शिकायला काय लागतं, पोरंसुद्धा शिकतात. तू वळलीस आणि गेलीस. जुनं टाकायला मला जेमतेम दोन तास लागले असते. आणखी काही महिने निभावलंही असतं. पण मग माझं चुकलं, असं झालं असतं ना.

परीक्षेला मीच सोबत होतो. दाराच्या काचेतून मला तू दिसत होतीस. ऐकून एक पत्र टाइप करायचं होतं आणि एक तक्ता करायचा होता. तुझी बोटं सवयीच्या कळांवर जायची, काही भलतंच व्हायचं आणि तू हात मागे घ्यायचीस. चाळीस मिनिटं मी ते पाहिलं. बाहेर आल्यावर तू एवढंच विचारलंस, "बस कितला वाजता शे?" पारोळ्याला मी चहा आणून दिला. धुळे येईपर्यंत तो तुझ्या हातात तसाच होता.

घरी आबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मनीच चूक शे, मना सराव कमी पडना." मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो. आबा म्हणाले, जाऊ दे, बठ्ठा लोकस्ले जमत नही. आई म्हणाली, आता ही वणवण पुरे, मावशीला पापडाच्या कामात हात हवाच आहे. तू लॅपटॉप माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालीस, तूच वापर. मी तो उचलून दुकानात नेला.

गेल्या सोमवारी अभिमन नावाचा एक शिंपी आला. एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी कॉम्प्युटर हवा होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काम काय करणार, बसणार कोण, कोणता प्रोग्राम लागेल? त्याचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो, म्हणून मी त्याला लिनक्सच्या वाटेला जाऊच दिलं नाही. तो गेला आणि मी तुझा लॅपटॉप काढून समोर ठेवला. परक्या शिंप्याला विचारतो ते तुला विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून तुझा लॅपटॉप घेऊन बसलोय. जुनं विंडोज परत आलं, तुझा तो वाचणारा आवाजही आला. यादी मात्र मिळाली नाही. पुसलेलं शोधून काढायचे सगळे उपाय करून पाहिले. जुने फोटो निघाले, यादी नाही. ती आता मिळणार नाही, सारिका. हे मीच तुला सांगायला हवं होतं.

काल जेवताना आबांना आणि आईला सगळं सांगितलं. सराव कमी पडला नव्हता, मी तिची वाट मोडली, असं म्हणालो. आबा ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "इतला दिन तू गप काबरं बठना?" आई अजून माझ्याशी बोलत नाही.

आता पत्राचं कारण. धुळ्याच्या एका महाविद्यालयात तशीच जागा निघाली आहे. अर्जाची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत आहे. तुझी कागदपत्रं माझ्याकडे आहेत, काल अर्ज उघडून तुझं नावही टाइप केलं. मग थांबलो आणि पुसून टाकलं. तुला हा अर्ज करायचा आहे का, ते मला माहीत नाही. केलास तर तुझा जुना लॅपटॉप तयार आहे. नवीन विंडोज चालेल असं एक वापरलेलं मशीनही दुकानात आहे. की दोन्ही नको, तेही मला माहीत नाही. तू सांग. नाही म्हणालीस तरी मी ऐकेन, आणि शिव्या दिल्यास तरी फोन ठेवणार नाही.

तुझाच,
भूपेंद्र