मृणालिनी उर्फ शुभदा

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी दहा चाळीसला विमानतळावर मला रांगेतून बाजूला काढलं. आता संध्याकाळ आहे, मी परत मुलुंडच्या घरात, आणि विमान मला सोडून गेलं. लेकीला डॉक्टरांनी बाळंतपणासाठी पुढच्या शुक्रवारची तारीख दिली आहे. तिकडे परदेशात तिच्याजवळ कोणी नाही.

पासपोर्टात लिहिलंय, मृणालिनी उर्फ शुभदा.

"आंटी, ही शुभदा कोण?" विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मीच. माहेरची."

"मग मृणालिनी?"

"तीही मीच. लग्नात नाव बदललं."

"का बदललं?"

"ते सासूबाईंना विचारा. पण त्यासाठी तुम्हाला वर जावं लागेल."

ती हसली नाही. "मी नाही हो निवडलं तुम्हाला. सिस्टीमने निवडलंय, जादा तपासणीसाठी."

उर्फ. पेपरात हा शब्द कोणाच्या नावात असतो? खंडणीवाल्यांच्या. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने मृणालिनी लिहिलं, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का? आणि झडती माझी. डिंकाचे लाडू एकेक फोडून पाहिले, अंबाड्यातल्या पिना काढायला लावल्या. तोवर गेट बंद. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरसुद्धा आधी कारण सांगायच्या, मग वर्गाबाहेर उभं करायच्या.

उद्या विमान कंपनीला हेच लिहिणार. दिलगिरी नको. मला कुठल्या नियमाने निवडलं, आणि नव्या तिकिटावरही निवडणार का, याचं लेखी उत्तर गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्या. नाही आलं तर मी तुमच्या ऑफिसात येऊन बसेन, दोन्ही नावांनी.