झाडांनी घेतलेलं ऊन

बाळच्या बाबांना नमस्कार.

मी इथे खुशाल आहे, पूजा चुकत नाही. तुम्ही वेळेवर जेवता ना?

बाळ बागेत एका यंत्राने झाडांवर पडणारं ऊन मोजतो, मग खाली उतरलेलं. वजाबाकी केली की झाडांनी किती घेतलं ते कळतं. हल्ली यंत्रावरचे आकडे मलाच वाचायला लावतो. मला वाटलं, आईच्या हिशेबाचं कौतुक!

काल जेवताना हसत म्हणाला, "आई, तुझे कान दिसतात, नाक कुठे गेलं?"

माप चुकवणारा ढग आला का बघायला तो दिवसभर सूर्यनारायणाकडेच बघतो हो. नेमकं समोरचंच त्याला दिसत नाही, आकडेही म्हणूनच मला वाचायला लावायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी बोलावलंय. तिकिटाकडे बघू नका, मिळेल त्या गाडीने या. ते काय सांगतील, मला एकटीला ऐकवणार नाही.

वाट पाहणारी,
बाळची आई