दातांच्या दवाखान्यात एलएफओ

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (वाकूनच आहे, पण अधूनमधून उड्याही चालू आहेत). मामीचे गुडघे आणि दुकानात तुम्ही सुरात आणायला घेतलेली हट्टी वाद्यं, दोघांचीही प्रकृती बरी असेल.

मामा, कमाल झाली! ‘हे वाद्य नव्हे, विजेचा चाळा आहे’ असं म्हणून तुम्ही माझ्या गळ्यात मारलेला सिंथेसायझर मी दवाखान्यात माझ्या रिसेप्शनच्या टेबलावर नेऊन ठेवला. आतल्या ड्रिलची घरघर बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये, एवढाच हेतू. एका कळेवर स्टेपलर ठेवला (दिवसभर बोट कोण दाबून धरणार?) आणि यंत्रातल्या एलएफओ नावाच्या भागाला हात घातला. हा एलएफओ म्हणजे पाळण्याची दोरी ओढणारा हात समजा. त्याची लहर इतकी संथ, की ती स्वतः ऐकू येत नाही, पण दुसऱ्या आवाजाला झुलवते. एक बटण झोक्याच्या वेगाचं, दुसरं झोका केवढा घ्यायचा त्याचं, आणि एक खटका नेमकं काय झुलवायचं त्याचा. मी उत्साहाच्या भरात खटका सुराच्या उंचीवर टाकला आणि दोन्ही बटणं शेवटपर्यंत पिळली. आगीचा बंबच दवाखान्यात शिरला म्हणा ना! खुर्चीतले बसचालक काका तोंडात कापूस, गळ्यात रुमाल अशा थाटात उठले ते थेट रस्त्यावर.

डॉक्टरबाई हातात आरसा घेऊन बाहेर आल्या. “हे यंत्र तरी जाईल, नाहीतर तू तरी,” एवढंच म्हणाल्या. मी खटका फिल्टरवर (म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा गाळणाऱ्या चाळणीवर) घेतला, वेग इतका उतरवला की एका झोक्याला सहा सेकंद लागावेत. आवाज हळूच उघडायचा, हळूच मिटायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. तेवढ्यात काका परत आले (चष्मा आतच राहिला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना समोरची बसही दिसेना). मिनिटभर म्हणून बाकावर टेकले. आवाज उघडला की छाती वर, मिटला की खाली. दहा मिनिटांत मान कलली! डॉक्टरबाईंनी कोपराला धरून अलगद आत नेलं, तर न सांगता तोंड उघडलं. दाढ भरून झाल्यावर डोळे चोळत विचारतात कसे, “झालं? मग मी पळालो कशाला?”

आणि डॉक्टरबाई मला म्हणाल्या, “उद्याही लावशील ना?” मामा, मला रडूच फुटायचं बाकी होतं.

तुमची,
(अजून नोकरीवर असलेली) भाची

ता. क. मामीचा फोन आला होता. दोन आठवडे तुम्ही एकाच बाजूने चावताय म्हणे, आणि विचारलं की ‘वयानुसार सवयी बदलतात’ असं सांगता. बुधवारी सकाळी साडेदहाची वेळ तुमच्या नावावर लिहिली आहे.

ता. क. २. तुम्हाला बेसूर सोसत नाही, म्हणून ड्रिलचा सूर शोधून यंत्र त्याच सुरात लावलंय. आता सबब नाही.

ता. क. ३. काल स्वतः डॉक्टरबाईही जरा पेंगल्या. काळजी नको. तुमच्या वेळी मी चिमटा काढायला शेजारीच उभी असेन.