मालगाडीसाठी दिलेली जागा

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. एवढा लांबलचक, आणि त्यात एकदाही 'चुकलं' हा शब्द नाही. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू 'मीटिंग आहे' म्हणत सटकतोस.

सिमेंटच्या कारखान्यापासून बंदरापर्यंत छोटी मालगाडी धावेल, आपल्या रस्त्यावरचे ट्रक बंद होतील, हा आराखडा तुझा. केवढे फुगलो होतो आम्ही! ट्रक गेला की कपाटातल्या बश्या वाजतात, दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत राखाडी होतात, आणि तुझी भाची आठवीत गेली तरी रस्ता ओलांडताना माझा हात सोडत नाही. रूळ आपल्या घरांच्या मागून जाणार होते. परसातली जागा सुखासुखी कोण देतो? तुमच्या कार्यालयातल्या माणसांना लोकांनी दारातूनच वाटेला लावलं. मग बाबा निघाले. जन्मभर मालगाडीचे गार्ड, त्यातून लेकाचा आराखडा! गुडघे दुखत असताना घरोघर फिरले. शिंपीणकाकूंनी लिंबाचं झाड तोडू दिलं, शेजारच्या मास्तरांनी नवीकोरी न्हाणी पाडली. तुझा नकाशा बघून नव्हे रे, बाबांच्या शब्दावर.

आणि आता म्हणे एवढ्याशा अंतराला रेल्वे परवडत नाही! अंतर काय काल कमी झालं? बरं, नसेल परवडत तर जागा परत करा. ते नाही, तिथे ट्रकचा तळ! म्हणजे पुढे ट्रक, मागेही ट्रक. हे केसाने गळा कापणं नाही तर काय? वरून आदेश आला, हे माझ्यापुढे चालवू नकोस. सही तुझी आहे. वर मलाच लिहितोस, बाबांना तू जरा समजावून सांग. लाज कशी वाटली नाही तुला?

बाबांना केव्हाच कळलंय. पेपर वाचतात ते. रोज सकाळी पुन्हा घरोघर जातात, माफी मागायला. तुला दोष देत नाहीत. रेल्वेचं नक्की नाही असं लेकाने आधीच बजावलं होतं, मीच उतावीळपणा केला, असं सांगतात. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे इतके अडखळतात की ऐकणाराच मान खाली घालतो. शनिवारी संध्याकाळी शाळेत सगळ्यांची सभा आहे. तिथे उभं राहून हेच बोलायचं त्यांनी ठरवलंय, आणि माझं ते ऐकत नाहीत. म्हणून हे पत्र. तू ये. बाबा बोलायला उठायच्या आत तू ऊठ.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई